फ्लाय कास्टिंग इन्स्ट्रक्टरची परीक्षा: मुद्दाम टेलिंग लूप काढायला जमत नाहीये, कशी तयारी करू?

काठावरची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल या संस्थेची कास्टिंग, म्हणजे रॉडने लाइन फेकून हलकी नकली माशी (फ्लाय) टाकणं, शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरची परीक्षा द्यायचं नक्की केलंय आणि हातात साधारण तीन महिने आहेत. कास्टिंग मी नऊ वर्षं करतेय, रोजचा रॉड ५ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा आकडा), वारा नसेल तर ७५ फूट नीट जातात, दहातले आठ तरी लूप, म्हणजे हवेत जाताना लाइनला पडणारे वळसे, घट्ट येतात, म्हणजे हाताची तयारी अगदीच वाईट नाहीये असं मला वाटत होतं. पण मागच्या आठवड्यात ज्यांच्याकडे शिकतेय त्या सरांनी माझी पूर्ण तालीम घेतली आणि भलत्याच ठिकाणी अडकले.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी सांगितलं, मुद्दाम टेलिंग लूप, म्हणजे लाइन स्वतःलाच ओलांडते तो, काढून दाखव. आता हा दोष घालवण्यात माझी पहिली दोन वर्षं गेलीयेत आणि आज तोच मागितल्यावर येईना, आला तर एकदम मागच्या कास्टमध्ये यायचा, पुढच्यात नाही, आणि एकदा आला तो कसा आला हे मलाच कळलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं. त्यांनी विचारलं, कास्टिंग आर्क आणि कास्टिंग स्ट्रोक यात फरक काय, मी सुरू झाले आणि थांबले तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती, सर म्हणाले, तू बरोबर बोललीस पण समोरचा शिकणारा पहिल्याच मिनिटाला हरवला असता. तिसरं, रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे हवेत न टाकता पुढे फेकणं. सराव सगळा गवतावर होतो, पाणी लांब आहे, आणि गवतावर लाइन नुसती घसरत येते.

तर ज्यांनी ही परीक्षा दिलीये त्यांनी सांगा, रोजचा वेळ कसा वाटून घेतलात, आणि लेखी पेपरला काय वाचलंत? खरंच मनापासून ही परीक्षा द्यायचीये, नुसता कागद मिळवायला नाही, मला शिकवायचं आहे.

शांतपाणी:

ताई, परीक्षा देऊन मला बरीच वर्षं झाली, तेव्हापासून शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, तुमच्या सरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. ही परीक्षा तुम्ही किती लांब टाकता याची नाही. हा प्रोग्रॅम १९९२ साली सुरू झाला तो शिकवणारी माणसं तयार व्हावीत म्हणून, आणि त्यातली बहुतेक कामं त्याच नजरेने बघायची असतात: करून दाखव, बिघडवून दाखव, का बिघडलं ते सांग, दुरुस्त कर. ७५ फूट हा त्यातला एक भाग झाला, लोक त्याच्यामागे सहा महिने लागतात आणि बोलायचा सराव शेवटच्या आठवड्यात करतात. कामांची सध्याची यादी आणि नियम मात्र त्यांच्याच साइटवरून घ्या, कारण मधूनमधून बदल होतात, माझ्या वेळची यादी धरून बसू नका.

आता टेलिंग लूप. तुमच्या हाताला तो येत नाही कारण तुमचा हात आपोआप तो टाळतो, म्हणून तो हाताकडून न मागता रॉडच्या टोकाकडून मागा. टोक सरळ रेषेत गेलं की लूप घट्ट, टोक वर फुगून कमानीसारखं गेलं की लूप रुंद, आणि टोक मध्येच खाली खचून परत वर आलं की टेल, म्हणजे टेलिंग लूप. लाइन टोकाच्या मागे जाते, दुसरं काही नाही. आता टोक खचतं कधी? रॉड वाकला की तो आखूड होतो. तुम्ही जेवढा आर्क (रॉड फिरतो तो कोन) फिरवता त्यात वाकण्याला जागा पुरली तर टोक सरळ जातं, आणि ताकद जास्त पण आर्क लहान असला की रॉड वाकून टोक खाली जातं, मग सरळ होताना वर उसळतं, आणि लाइनचा वरचा पाय खालच्या पायाला ओलांडतो.

करायचं असं. साधारण ३५ ते ४० फूट लाइन बाहेर काढा, लाइनच्या टोकाला असलेल्या बारीक दोऱ्याला, म्हणजे लीडरला, डोळ्यात भरेल अशा रंगाच्या लोकरीचा तुकडा बांधा, हुक नको. कास्ट आडवा करा, म्हणजे रॉड जमिनीला समांतर, लूप तुमच्यासमोर गवतावर पडलेला दिसतो. आधी मुद्दाम मोठा आर्क, रुंद लूप. मग घट्ट. मग ताकद तेवढीच ठेवा, तिला हात लावू नका, आणि आर्क एकदम लहान करा. टेल येणारच. लोकर लाइनच्या खालून पुढे जाते आणि ओलांडते, ते डोळ्यांनी दिसतं. पाच वेळा लागोपाठ आला की रॉड हळूहळू उभा करत न्या. मला उभ्या रॉडने पहिला टेल मागून काढायला अकरा दिवस लागले होते, रोज वीस मिनिटं, आणि तो आला त्या दिवशी मी मैदानात एकटाच होतो तरी मोठ्याने ओरडलो.

एकदा या रस्त्याने जमलं की दुसरे रस्ते पण शिका, कारण शिकणाऱ्याचा टेल एकाच कारणाने येत नाही. ताकद सुरुवातीलाच हिसका मारून दिली तरी येतो, क्रीपने येतो, म्हणजे मागची लाइन उलगडायच्या आधीच रॉड हळूच पुढे सरकतो आणि आर्क आपोआप कमी होतो, हॉल, म्हणजे दुसऱ्या हाताने लाइनला दिलेला ओढा, फार लवकर आणि जोरात मारला तरी येतो. तिन्ही वेगवेगळे काढून दाखवता आले तर समोरच्याचा कुठला आहे ते तुम्हाला लगेच दिसेल.

आर्क आणि स्ट्रोकचं एका वाक्यात सांगायचं तर: आर्क म्हणजे रॉड किती अंशांत फिरला, स्ट्रोक म्हणजे हात किती लांब गेला. आणि लगेच रॉड हातात घेऊन दोन्ही दाखवा, हात जागेवर ठेवून नुसता रॉड फिरवा, मग रॉड तसाच उभा ठेवून हात पुढे न्या. दहा सेकंदांत होतं.

लांबदोर:

काठावरची, मी पहिल्या वेळी नापास झाले होते, दुसऱ्यांदा पास झाले, म्हणून माझं जरा ऐक, माझी चूक तू करू नकोस असं खूप वाटतंय.

कास्ट सगळे व्यवस्थित झाले होते गं. अडकले ते दोष ओळखून दुरुस्त करायच्या भागात. एक्झामिनर शिकणारा झाला आणि त्याने टेल काढला, मी लगेच ओळखला, आनंदात म्हणाले, तुमची ताकद असमान लागतेय, शिवाय तुम्ही पुढे सरकताय, शिवाय आर्क लहान पडतोय. तीन गोष्टी एका दमात. तो म्हणाला बरं, आणि परत तसाच टेल काढला. मग मी परत तीन गोष्टी सांगितल्या, जरा मोठ्या आवाजात. आता आठवलं तरी पोटात खड्डा पडतो, कारण खऱ्या शिकणाऱ्याबरोबर मी वर्षभर हेच करत आले होते आणि त्या लोकांना वाटत असेल की आपल्यालाच जमत नाहीये.

दुसऱ्या वेळेसाठी मी सहा पायऱ्यांची पद्धत घोटली, ब्रूस रिचर्ड्स यांची म्हणून ती ओळखली जाते, तुला माहीत असेल पण वापरतेस का ते बघ. आधी लाइन काय करतेय, मग त्यासाठी रॉडने काय केलं असणार, मग त्यासाठी शरीराने काय केलं. हे झालं निदान. मग उलट्या वाटेने परत यायचं, शरीराने काय बदलायचं, त्याने रॉड काय करेल, त्याने लाइन कशी जाईल. आणि यातलं शिकणाऱ्याला सांगायचं फक्त शरीराचं, तेही एकच. "मनगट अजून थोडं वळू द्या आणि मग थांबा." बस. मग तीन कास्ट गप्प बसून बघायचं. गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं, खरं सांगते, त्यासाठी मी तोंडात पेन्सिल धरून सराव केलाय.

बोलण्यासाठी अजून एक, फोनवर स्वतःला रेकॉर्ड कर. प्रत्येक कामाचं उत्तर, तीस सेकंदांच्या वर गेलं की परत. मी रात्री झोपताना माझंच ऐकायचे. सुरुवातीला दर वाक्यात "म्हणजे कसं असतं ना" यायचं, तीन आठवड्यांनी ते गेलं आणि उत्तरं निम्मी झाली.

हिशेबी:

वरच्या दोघांनी मुख्य सांगितलंच आहे, मी लेखीबद्दल लिहितो, कारण चांगले कास्टर त्याकडे दुर्लक्ष करतात आणि नाहक मार्क घालवतात.

चांगल्या कास्टची पाच तत्त्वं, गॅमेल यांची म्हणून ओळखली जातात ती, नुसती तोंडपाठ नकोत, ती समजलेली हवीत. ढील कमीत कमी. प्रत्येक स्ट्रोकच्या शेवटी थांबणं, आणि ते थांबणं बाहेर किती लाइन आहे त्यावर कमीजास्त. आर्कही लाइनच्या लांबीप्रमाणे लहानमोठा. ताकद योग्य प्रमाणात आणि योग्य जागी. आणि टोकाचा मार्ग सरळ. कुठलाही दोष घ्या, तो या पाचांपैकी कशात तरी बसतो, मग उत्तर आपोआप सापडतं. उदाहरणार्थ पुढचा कास्ट सुरू करताना चाबकासारखा फटका ऐकू येतो आणि फ्लाय तुटून जाते, हे कशाचं? थांबणं कमी पडलं. लाइन मागे उलगडायच्या आधीच पुढे ओढली.

लाइनचे वजन लोक गोंधळून टाकतात. वेट ठरतो तो लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर, टोकाचा सपाट भाग सोडून, आणि मोजतात ग्रेन या वजनाच्या मापात. ५ वेट म्हणजे १४० ग्रेन, ६ म्हणजे १६०, ८ म्हणजे २१०. टिपेट म्हणजे लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, त्याच्या जाडीच्या आकड्याचं, म्हणजे एक्सचं, पण सोपं आहे, ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, जे येईल तितका हजारावा भाग इंच जाडी, म्हणजे ५ एक्स असेल तर ०.००६ इंच. वेट फॉरवर्ड आणि डबल टेपर या दोन प्रकारच्या लाइन का वेगळ्या वागतात ते पण बघून ठेवा: वेट फॉरवर्डचं हेड, म्हणजे टोकाकडचा जाड भाग, संपलं की त्याच्या मागे बारीक रनिंग लाइन, ती शूट करायला, म्हणजे हातातून सोडून पुढे जाऊ द्यायला, छान पण तिच्यातून जाड हेडला हलवता येत नाही, म्हणून लांबवर मेंड करायचा (पाण्यावर पडलेली लाइन उचलून बाजूला सरकवायची) किंवा लांब रोल कास्ट करायचा तर डबल टेपर बरी.

आणि ड्रिफ्ट आणि क्रीप. दोन्हीत रॉड थांबल्यानंतर हलतो, म्हणून नवीन माणसाला सारखेच दिसतात. ड्रिफ्ट उलगडणाऱ्या लाइनच्या दिशेने, त्यामुळे पुढच्या स्ट्रोकला जागा वाढते. क्रीप उलट दिशेने, जागा खातो. हे मला विचारलं होतं आणि नंतर मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांनीही कधी ना कधी विचारलंच.

डबल हॉल करत असशीलच, तो समजावून सांगायचा असेल तर गवतावर प्रत्येक कास्ट खाली पडू दे, एकावेळी एकच. मागे टाक, हॉल, हात वर परत, लाइन खाली पडली, श्वास घे. पुढे टाक, हॉल, परत. खाली-वर, खाली-वर. हवेत सतत फॉल्स कास्ट करत शिकवायला गेलं की शिकणाऱ्याचा डावा हात गोंधळतो आणि मध्ये ढील साचते. हॉल रॉड थांबतो तिथेच संपायला हवा, त्याच्या आधी नाही.

काठावरची:

बापरे, एवढं सगळं तुम्ही लिहिलंत, मला खरंच भरून आलं. दोन दिवस प्रिंट काढून मैदानावर घेऊन जातेय.

आडव्या कास्टचं काल करून बघितलं. केशरी लोकर बांधली. पहिल्या सहा वेळा काहीच नाही, मग लक्षात आलं की आर्क लहान करताना मी नकळत ताकदही कमी करतेय, इतकी वर्षं ती सवय लागलीये. मग मनात नुसतं म्हणत राहिले, ताकद तेवढीच, ताकद तेवढीच, आणि सातव्यांदा लोकर खालून पुढे आली आणि लाइनवरून उलटी पडून लीडरला गाठ बसली. लोक जिला वाऱ्याची गाठ म्हणतात तीच. वारा अजिबात नव्हता! आता कोणी वाऱ्यावर ढकललं तर मी त्याला हीच गाठ दाखवीन.

लांबदोर, पेन्सिलचं वाचून खूप बरं वाटलं, कारण मी पण अशीच बोलत सुटते. रेकॉर्डिंग सुरू केलंय. पहिलं उत्तर दोन मिनिटं दहा सेकंद.

रोल कास्टचं कोणी सांगेल का?

शांतपाणी:

राहिलंच ते. रोल कास्टमध्ये मागे कास्ट नसतोच, त्यामुळे रॉडला ओढायला काहीतरी धरून ठेवणारं लागतं, पाण्यावर ते काम पाण्याची पकड करते, लाइनचा पुढचा भाग आणि लीडर पाण्याला चिकटून राहतो. त्यालाच अँकर म्हणतात. गवत ते करत नाही. म्हणून गवतासाठी वेगळा लीडर करा: जाड मोनोचे, म्हणजे एकपदरी नायलॉन दोऱ्याचे, आखूड तुकडे एकमेकांना बांधत जा आणि प्रत्येक गाठीची दोन्ही टोकं कापू नका, बोटभर तशीच बाहेर राहू द्या. ती गवतात अडकतात आणि बऱ्यापैकी पकड येते. कापलेलं आखूड गवत असेल तर उत्तम, ओलं असेल तर घसरतं.

करताना रॉड हळू मागे आणा, इतका हळू की तुम्हालाच कंटाळा येईल, लाइन खांद्यामागे लटकून इंग्रजी डीसारखा आकार झाला की थांबा. खरोखर थांबा, लाइन स्थिर होऊ द्या. मग पुढचा स्ट्रोक नेहमीसारखाच, शेवटी ठाम थांबणारा. बहुतेकांचं चुकतं ते इथे, कारण मनात असतं की लाइन जमिनीवर फेकायची आहे, म्हणून टोक खाली मारतात, लूप रुंद होतो आणि सगळी ताकद समोर दहा फुटांत सांडते. लक्ष्य डोळ्यांच्या उंचीला ठेवा, पाण्याकडे नको. तरीसुद्धा महिन्यातून दोनदा तरी पाण्यावर जाच, गवतावरचा रोल कास्ट हाताला थोडं खोटं शिकवतो.

नवा_हात:

मध्येच विचारतो, माफ करा. मी परीक्षेच्या जवळपास पण नाहीये, एक वर्ष झालंय फक्त. ४५ फुटांच्या पुढे गेलो की सगळं विस्कटतं. लांबी वाढवायला जोर वाढवायचा का?

लांबदोर:

जोर शेवटी. आधी बघ की लाइन वाढवलीस तसं थांबणं वाढवलंस का आणि आर्क वाढवलास का. बहुतेक वेळा ३० फुटांचा आर्क तसाच ठेवून ५० फूट टाकायचा प्रयत्न चालू असतो, मग टेल येतो, मग माणूस अजून जोर लावतो. पाय थोडे तिरके ठेव आणि मान वळवून मागची लाइन बघ, ती सरळ होताना दिसली की पुढे निघ. दोन आठवडे नुसतं मागे बघत कास्ट कर, परत सांग काय झालं.

काठावरची:

साडेतीन आठवडे झाले, हिशेब द्यायला आले.

उभ्या रॉडने टेल आता मागितला की येतो, आर्क लहान करून आणि क्रीपने, दोन्ही. हॉलचा अजून दहातून चारदा. २५, ३५ आणि ४५ फुटांवर रिंगा ठेवून रोज अर्धा तास अचूकतेचा सराव, आणि त्याच रिंगांवर रीच कास्ट, म्हणजे रॉड थांबल्यावर लाइन हवेत असतानाच बाजूला न्यायचा. मी आधी तो थांबण्याच्या आतच सुरू करत होते, फोनवर स्लो मोशनमध्ये स्वतःला बघितलं तेव्हा कळलं, फ्लाय रिंगेपासून चार फूट बाजूला का पडते ते.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. गेल्या रविवारी माझ्या भाचीला घेऊन गेले, बारा वर्षांची आहे, कधीच रॉड धरला नव्हता. तिला आधी टोपी आणि गॉगल घातला, लोकर बांधली. तासाभराने तिचा लूप एवढा रुंद की लाइन ढिगासारखी खाली पडायची. मला आत पाच वाक्यं दिसत होती, खरंच दिसत होती, मनगट, थांबणं, टोक, सगळं. मी लाइन बघितली, मग रॉड, मग तिचा हात. मनगट मागे जाऊन रॉड पार जमिनीकडे लोळत होता. तिला म्हटलं, "रॉड तुझ्या टोपीच्या थोडा मागे गेला की तिथेच थांबव." आणि गप्प बसले. पहिले दोन तसेच. तिसऱ्या वेळी रॉड थांबला आणि मागे लाइन सरळ झाली, तिने वळून बघितलं, आणि पुढे टाकताना लूप असा काही घट्ट आला की तीच दचकली. "आत्या, हे मी केलं?" एवढंच म्हणाली आणि परत टाकायला लागली. मला पाच मिनिटं बोलताच येईना.

आता एकच अडचण उरलीये, रॉडच्या बाजूने वारा असला की लाइन माझ्या अंगावर येते. सरांनी सांगितलंय त्याचं उत्तर दाखवून आणि समजावून दोन्ही लागेल.

शांतपाणी:

भाचीचं दोनदा वाचलं. फार छान.

वाऱ्याचं असं. हात आहे तिथेच ठेवा, फक्त रॉडचं टोक डोक्यावरून दुसऱ्या खांद्याकडे कलू द्या, म्हणजे लाइन आणि फ्लाय तुमच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूने जाते. दुसरा मार्ग, पाठ फिरवून उभे राहा आणि मागच्या कास्टवर फ्लाय सोडा, लांब टाकायचं असेल तर हा जास्त बरा. समोरून वारा असेल तर मागचा कास्ट उंच, पुढचा खाली आणि घट्ट. मागून असेल तर बरोबर उलट. समजावताना आधी वाऱ्याच्या दिशेला हात दाखवा, मग फ्लाय कुठून जाणार ते हवेत बोटाने काढा, मग कास्ट. चष्मा तुमचाही लावा, फक्त भाचीचा नको.

हॉलच्या टेलचा व्हिडिओ काढलात की इथे टाका, बाजूने काढा, डावा हात आणि रॉडचं टोक दोन्ही एका चौकटीत दिसायला हवं.